मधला भाव

लग्नाला चार महिने झाले तरी आपली बायको दिवसभर कॉलेजात नेमकं काय शिकवते, हे कमलेशला कळलं नव्हतं. तुमसरच्या धान बाजारात त्याची अडत होती आणि दीपमाला मोहाडीला अकरावी-बारावीला गणित शिकवायची. संध्याकाळी स्कूटीवरून परत आली की तिचा चेहरा कधी फुललेला असायचा, कधी उतरलेला, आणि दोन्हीचं कारण गणितच असायचं. एकदा जेवताना त्यानं सहज विचारलं. तीही सहजच म्हणाली, जाऊ द्या, तुम्हाला कंटाळा येईल. बारावीला गणितातच आपटल्यामुळे कमलेशला ते बोलणं जरा लागलं.

"सांगून तर पाह्य," तो म्हणाला. "नाई समजलं तर मी सांगीन ना."

त्या दिवसापासून जेवणं झाली की दोघं ओसरीवर बसू लागले. दीपमालाच्या सासूबाई कुंताबाई बाजूला वालाच्या शेंगा सोलत असायच्या आणि ऐकत नसल्यासारखं करायच्या. पहिला धडा फंक्शनचा. दीपमाला म्हणाली, याला मराठी पुस्तकात फल म्हणतात. एक संख्या आत टाकायची, ठरलेल्या नियमानं एक संख्या बाहेर येते. कमलेश लगेच म्हणाला, म्हणजे राइस मिल. धान टाकलं, तांदूळ आला. दीपमाला खुश झाली, पण तेवढ्यात तोच अडला. मिलमधून तांदूळही येतो, तुटक्या तांदळाची कनकी येते, कोंडा येतो. मग नेमकं कोणतं धरायचं? ती हसली आणि म्हणाली, तीच तर अट आहे. एका धानाला एकच उत्तर हवं. फक्त तांदळाचं वजन धरा, मग तुमची मिल फंक्शन झाली. कुंताबाईंनी शेंग सोलता सोलता मान हलवली.

लिमिटला मात्र कमलेशची गाडी रुतली. दीपमालानं एका संख्येच्या वर्गातून नऊ वजा करून जे येईल त्याला, त्याच संख्येतून तीन वजा करून येईल त्यानं भागायला लावलं. संख्या तीन घेतली की खाली शून्य. शून्यानं भागता येत नाही, म्हणजे मिल बंद, असं म्हणून त्यानं हात झटकले. ती म्हणाली, तीनवर जाऊच नका, जवळ जा. दोन पूर्णांक नऊ दशांश टाकलं तर पाच पूर्णांक नऊ दशांश येतं. आणखी जवळ गेलं की सहाच्या आणखी जवळ. पलीकडून आलं तरी सहाच. तीनवर फंक्शनला किंमत नाही, पण लिमिट आहे, सहा. कमलेशनं मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर स्वतः करून पाहिलं, दोन्ही बाजूंनी. पटल्यावर तो असा काही हसला की दीपमाला त्याच्याकडे पाहतच राहिली.

घोटाळा झाला तो ती दोन दिवस नागपूरला प्रशिक्षणाला गेली तेव्हा. शेजारच्या रत्नाबाईंची गुड्डी तिच्याच वर्गात होती. मॅडम घरी नाहीत आणि एक गणित सुटत नाही म्हणून ती रडवेली होऊन आली. त्यात फंक्शनचे दोन तुकडे होते. डावीकडून दोनकडे आलं की उत्तर तीनकडे जायचं, उजवीकडून आलं की पाचकडे. मग लिमिट काय? कमलेशनं थोडा विचार केला. बाजारात विकणारा वर अडला आणि घेणारा खाली अडला की तो रोज जे करायचा, तेच त्यानं इथंही केलं.

"मधला भाव काढ," तो म्हणाला. "चार."

गुड्डीनं परत आलेल्या दीपमालासमोर फळ्यावर चार लिहिलं. कसं काढलं, असं विचारल्यावर तिनं कमलेशभाऊंचं नाव सांगून मधल्या भावाची सगळी रीत समजावली. वर्ग हसला. दीपमालालाही हसू आवरलं नाही. गुड्डीनं घरी येऊन ते आईला सांगितलं, रत्नाबाईंनी आणखी कुणाला, आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर वीरेंद्र नावाच्या दलालानं कमलेशला विचारलं, "काय गुरुजी, आज लिमिटचा भाव काय चालू आहे?"

वीरेंद्रचं हसणं कमलेशनं सोडून दिलं असतं. पोरंही हसणारच. पण दीपमालाही हसली, हे त्याच्या मनातून जाईना. त्या संध्याकाळी तो ओसरीवर आलाच नाही. दुसऱ्या दिवशी बाजारातच उशीर लावला. दीपमालानं कायकाय विचारलं, त्यानं हो-नाही एवढंच उत्तर दिलं. आठवडा असाच गेला. शेवटी कुंताबाई सुनेला म्हणाल्या की पोरगा लहानपणापासून असाच आहे, रुसला की बोलावल्याशिवाय येत नाही.

रविवारी दुपारी कमलेश अडतीवर पोत्यांच्या थप्पीला टेकून बसला होता. पाहतो तर दीपमाला पिशवी घेऊन समोर उभी. लग्न झाल्यापासून ती पहिल्यांदाच तिथं आली होती. हमाल बाजूला सरकले.

"मी हसली, ते चुकलं," ती म्हणाली. "तिथं लिमिट नाई, हे खरंच आहे. दोन्ही बाजू एका ठिकाणी भेटल्या नाई तर लिमिट नसते. तिथं सौदा होत नाई."

"मंग कायले आली? हेच सांगाले?"

तिनं पिशवीतून एम.एस्सी.चं जाडं पुस्तक काढलं. वर्गातून घरी येता येता रस्त्यातच तिला काहीतरी आठवलं होतं, पण पुस्तक माहेरी होतं आणि खात्री केल्याशिवाय तिला बोलायचं नव्हतं. ते आणायला ती आज सुट्टी म्हणून सकाळीच तिकडं जाऊन आली होती. पुढं शिकताना काही फंक्शनं लाटा जोडून जोडून तयार करतात, ती सांगू लागली. जिथं फंक्शन एकदम उडी मारतं, तिथं या लाटांची बेरीज कुठं जाते, माहीत आहे? ना डावीकडं, ना उजवीकडं. बरोबर मधात.

कमलेशला ती समजूत काढतेय असंच वाटलं. तसं तो बोललाही.

"तुमची समजूत काढाले मी दुसरं काईबी सांगितलं असतं," ती म्हणाली. "गणितात खोटं नाई बोलत मी."

तिनं पान उघडलं. इंग्रजी मजकुरातलं त्याला फार कळेना. पण तिचं बोट जिथं थांबलं होतं तिथं एक छेद दोन लिहिलेलं होतं, आणि पुढं कंसात दोन लिमिटं, एकावर अधिकची खूण, एकावर उणेची. या खुणा तिनंच त्याला ओसरीवर शिकवल्या होत्या: उजवी बाजू आणि डावी बाजू. दोन्हीची बेरीज, तिचं अर्धं. त्यानं ती ओळ पुन्हा वाचली. मग शर्टाच्या बाहीनं पुस्तकावर बसलेली कोंड्याची धूळ पुसली.

"आपल्याले इथपर्यंत याले किती दिवस लागतीन?" त्यानं विचारलं.

"खूप. आधी डेरिव्हेटिव्ह आहे, मंग इंटिग्रेशन."

"चालते."

दोघं सोबतच घरी आले. पण कमलेश आपल्या दारात न शिरता आधी रत्नाबाईंकडे गेला आणि गुड्डीला हाक मारली. त्या गणिताचं उत्तर आपण चुकीचं सांगितलं होतं, दोन्ही बाजू वेगळ्या आल्या तर लिमिट नसते असंच लिहायचं, हे त्यानं रत्नाबाईंच्या देखत सांगितलं. गुड्डी म्हणाली, मॅडमनं तेव्हाच सांगितलं होतं. मग तिनं विचारलं की मधला भाव काढणं चूकच ना, कुठंच चालत नाही ना?

कमलेशनं मागं वळून पाहिलं. दीपमाला फाटकापाशी उभी होती, पुस्तक छातीशी धरून. उत्तर तिनं त्याच्यावरच सोडलं.

"चालते एका जागी," तो म्हणाला. "पण ते पुढं आहे. मी बी अजून तिथं पोचलो नाई."