दारावरचं लाल फडकं

वरच्या मजल्यावर पुन्हा टीव्ही सुरू झाला, पाठोपाठ बाळाने भोकाड पसरलं आणि भाजी निवडणाऱ्या शूकाकूंचा हात जागच्या जागी थांबला.

"झालं! आत्ता कुठे वरच्या पोरीचा डोळा लागला असेल."

"तुला काय करायचंय?" काकांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं. "आपल्या घरात आता कुणी दिवसा झोपत नाही."

हेच तर काकूंचं दुखणं होतं.

काका मालगाडीचे ड्रायव्हर. चार महिन्यांपूर्वी निवृत्त झाले. मालगाडीला वेळापत्रक नसतं. ती कधीही सुटते आणि ड्रायव्हरला कधीही बोलावणं येतं. त्यामुळे ह्या रेल्वे कॉलनीत सूर्याला फारसं कुणी विचारत नसे. घरातला माणूस उठला की सकाळ आणि आडवा झाला की रात्र. पोरांचे वाढदिवस बाप जागा असेल तेव्हा व्हायचे, मग तारीख उलटून का जाईना. आणि ड्रायव्हर झोपला की दाराच्या कडीला जुन्या झेंडीतून फाडलेलं लाल फडकं बांधायचं, ही इथली रीत. ते दिसलं की भाजीवाला तोंड मिटून पुढे जाई आणि पोरं चेंडू उचलून दुसऱ्या इमारतीमागे पळत.

बाकीच्या बायका फडकं बांधून आपल्या कामाला लागत. काकू मात्र पायरीवर बसून पहारा देत. कुकर शिट्टी मारील म्हणून सगळं साध्या पातेल्यात शिजवत. कुणाचा आवाज चढला की ओठावर बोट ठेवून असा काही 'शूऽऽ' करत, की कुत्रीसुद्धा शेपूट घालून निघून जात. त्यावरून हे नाव पडलं आणि त्यांचं खरं नाव त्या स्वतःही विसरल्या. एकदा मोठ्या साहेबांच्या बढतीची वरात बँड वाजवत आली, तेव्हा काकूंनी सरळ पुढे होऊन ढोलावर तळहात ठेवला. साहेब लालबुंद झाले. काकूंनी मुकाट्याने कडीकडे बोट दाखवलं. साहेबांनी फडकं पाहिलं, बँडवाल्यांना परत फिरवलं आणि स्वतः चवड्यांवर चालत गेले. ही गोष्ट काकू आजही सांगतात आणि दर वेळी साहेब थोडे जास्त घाबरलेले असतात.

काकांच्या नोकरीला कधी डाग लागला नाही. निरोपाच्या दिवशी त्यांना गजराचं घड्याळ भेट मिळालं, तेव्हा काकू भर सभेत फणकारल्या होत्या, "का? मी मेले की काय?" सगळे खो खो हसले. काकूही हसल्या, पण घरी आल्यावर त्यांनी कडीचं फडकं सोडलं, धुऊन घडी घातली, कपाटात ठेवलं आणि मग बराच वेळ त्यांना काही सुचेना.

वरच्या मजल्यावर नवं कुटुंब आलं, तेव्हा काकूंनी सवयीने विचारलं, "ड्रायव्हर कोण?" औषधांच्या दुकानात नोकरी करणाऱ्या नवऱ्याने हसत बायकोकडे बोट दाखवलं. काकू जिना उतरल्या त्या जवळजवळ पळतच. "अहो, ऐकलंत का? पोरगी मालगाडी चालवते!" त्या दिवशी इमारतीतल्या प्रत्येकाला ही बातमी दोनदा कळली.

पण नवरा दिवसभर दुकानात. घरात वर्षाचं बाळ आणि सासूबाई. सासूबाई जिथून आल्या तिथे रूळच पोचलेले नव्हते. घरी आलेली सून अंथरूण गाठते, एवढंच त्यांना दिसायचं.

त्या दुपारी काकू कचरा टाकायला बाहेर आल्या, तर नवी ड्रायव्हरीण जिन्यात बसलेली. डोळे तांबारलेले.

"झोप नाही झाली ना?"

पोरीला रडूच फुटलं. "काकू, परवा पिवळा सिग्नल पाहिलेला आठवतो, त्यापुढचं काही आठवत नाही. सहायक ड्रायव्हर ओरडला म्हणून ब्रेक मारला. लाल अगदी समोर आला होता. गाडी थांबली, पण माझे हात अजून थांबले नाहीत." तिने दोन्ही हात काखेत दाबून धरले. "मी अर्ज करते. ऑफिसात बसून करायचं काहीतरी काम द्या म्हणते. घरी सांगू नका, आईंना आयतं कोलीत मिळेल."

ही भीती त्यांच्या ओळखीची होती. काकांची गाडी जितक्या वेळा बाहेर पडली, तितक्या वेळा ती त्यांच्या उशाशी येऊन बसली होती.

"अर्ज-बिर्ज काही करायचा नाही," त्या म्हणाल्या. "चल, माझ्या खोलीत झोप. मी बसते बाहेर."

पोरगी संध्याकाळपर्यंत हललीसुद्धा नाही. पण रोज खाली झोपवून कसं भागणार? ती कामावर गेल्यावर काकू पदर खोचून वर गेल्या.

"पोरीला घरात झोपू द्या हो."

"मी काय तिला चिमटे काढते?" सासूबाई तयारच होत्या. "पोर रडतंय आणि ही कूस बदलते. दिवसाढवळ्या! आणि एवढं दमायला होतं काय? गाडी रुळावरून जाते. हिला कुठे वळवायची असते?"

काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. लाल सिग्नलची गोष्ट अगदी जिभेवर आली होती. पण घरी सांगू नका म्हणून पोरीने विनवलं होतं. त्यांनी ती गिळली.

"वळवायची नसते," त्या म्हणाल्या, "थांबवायची असते. उद्या माझ्याबरोबर या. बाळालाही घ्या."

दुसऱ्या दिवशी काकांनी जुन्या दोस्ताला फोन लावून पोरीची गाडी कधी येते ते विचारून घेतलं. त्याप्रमाणे दोघी यार्डावरच्या पादचारी पुलावर जाऊन उभ्या राहिल्या. खाली रुळांचं जाळं पसरलं होतं. लांबवर इंजिनाचा दिवा दिसला.

"ती बघा, तुमची सून."

गाडी यायला लागली ती येतच राहिली. पुढचे डबे पुलाखाली आले तरी शेपूट वळणाआड होतं. सासूबाई डबे मोजायला लागल्या आणि मध्येच नाद सोडला.

"ह्यात काय आहे एवढं?"

"गहू. मागच्या टाक्यांत तेल. त्यामागे सिमेंट दिसतंय. तुमच्या डब्यातलं पीठ असंच येतं. तुम्ही ज्या भिंतीला टीव्ही टांगलाय ना, तीही अशीच आली." काकूंचा आवाज आपोआप चढला होता, आणि इथे त्यांना शू करायला कुणी नव्हतं. "माझ्या नवऱ्याने असं अख्खं गाव जन्मभर पोसलंय. आता तुमची सून पोसते."

पुलापुढचा सिग्नल लाल होता. गाडीचा वेग पडत गेला, चाकं किंचाळली, पूल पायाखाली थरथरला, आणि ती अजस्र लांबी खांबाच्या जरा अलीकडे गुमान उभी राहिली.

"हा ब्रेक तिने त्या वळणापलीकडे लावलाय," काकू म्हणाल्या. "तेव्हा डोळा उघडा लागतो."

सासूबाई खांबाकडे आणि गाडीकडे आळीपाळीने बघत होत्या. "आणि मिटला तर?"

काकूंनी खांबावरच्या लाल दिव्याकडे बोट दाखवलं. सासूबाईंनी बाळाला छातीशी घट्ट धरलं.

सिग्नल मिळाला, गाडी यार्डात लागली, आणि इंजिनातून पाठीवर पिशवी घेतलेली पोरगी शिडी उतरून खाली आली. चाकाजवळून जाताना ती चाकाहून फारशी उंच दिसेना.

"एवढीशी आहे हो ती," सासूबाई म्हणाल्या. "घरात मोठी दिसते." आणि त्यांनी डोळे पुसले.

त्या संध्याकाळी काकूंनी कपाट उघडलं. फडकं धुऊन धुऊन विटलं होतं, तरी लाल होतं. त्या ते वर देऊन आल्या.

"माझं फडकं देऊन टाकलंस?" काकांनी विचारलं.

"तुमचं कधी होतं ते?" काकू म्हणाल्या.

काकांनी मान हलवली. "खरंय, माझं नव्हतंच," म्हणाले, आणि पेपर बाजूला ठेवून त्यांनी स्वतः चहाचं आधण ठेवलं.

चार-सहा दिवसांनी पोरगी जिन्यात भेटली. चेहरा टवटवीत होता.

"अर्जाचं काय केलंस?"

"कसला अर्ज?" ती हसली आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली.

दुपारी काकूंना राहवेना. वर काय चाललंय ते बघावं, बाळाला जरा खाली आणावं म्हणून त्या चपला फटफट वाजवत जिना चढल्या आणि वळणावरूनच त्यांनी हाक दिली, "अहो सासूबाई, बाळाला—"

"शूऽऽ!"

काकू जागीच थबकल्या. दाराच्या कडीला लाल फडकं होतं. पायरीवर सासूबाई बसल्या होत्या, मांडीवर झोपलेलं बाळ, ओठावर बोट. डोळे असे वटारलेले, की बढती मिळालेला साहेबही परत फिरला असता. आत टीव्ही बंद होता.

काकूंना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी शू केलं होतं. त्यांनी तोंडावर हात ठेवला, मान डोलावली, पायातल्या चपला काढून हातात घेतल्या, आणि चवड्यांवर, एकेक पायरी जपून जिना उतरल्या.