गच्च भरलेला कप्पा

मी एक जुना कप्पा आहे. फ्रिजच्या अगदी तळाशी भाज्यांचा पारदर्शक कप्पा असतो ना, तोच. मित्रांनो, वरच्या फळ्यांचा तोरा मोठा. तिथे दूध, लोणी, केक अशी बडी मंडळी बसतात. मला उघडायचं तर माणसाला वाकावं लागतं. तरीही आपल्याशिवाय या घराचं पान हलत नाही, असं मला तरुणपणी वाटायचं.

कारखान्यात वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून मला घडवलं. तिथून आलो तो थेट एका शिंप्याच्या घरी. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागे स्वयंपाकघर. घरात शिंपी, त्यांची बायको आणि एक मुलगी. मनातल्या मनात मी त्यांना काका, काकू आणि ताई म्हणू लागलो.

ते दिवस सुखाचे होते. काकू सकाळी पालक निवडायच्या, कोबी चिरायच्या, कडधान्यं भिजत घालायच्या. काका कापड बेततानासुद्धा गाजर चावत असायचे. "अहो, सदरा बेतताय की चरताय?" असं म्हणून काकू हसायच्या आणि काका मुद्दाम आणखी मोठ्याने कुरुमकुरुम आवाज करायचे. बघता बघता मी रिकामा व्हायचो. मग काकू मला साबणाने धुऊन उन्हात पालथा घालायच्या.

पुढे ताई शिकून नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली. काकूंनीही कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणांचं काम धरलं. घरी येईपर्यंत त्यांच्या पायांत त्राण उरत नसे. मग कोपऱ्यावरून तळलेलं काहीतरी यायचं, पाव यायचा, सोबत थंड पेयाची बाटली. काका मशीनवरून न उठता बिस्किटांचा पुडा संपवायचे. हळूहळू जिभेला तेच रुचू लागलं. माझ्यापुढे वाकायला कुणाला सवड राहिली नाही.

एकदा जिना चढताना काकांना धाप लागली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "हृदयावर ताण आहे. गोळ्या चुकवू नका. तळलेलं, गोड कमी करा. भाज्या, फळं, कडधान्यं रोज पोटात गेली पाहिजेत."

काकूंनी हे फार मनावर घेतलं. दर रविवारी त्या दुप्पट भाजी आणू लागल्या. मला इतकं गच्च भरायच्या की आत सरकवताना गुडघा लावावा लागे. आणि इथेच सगळं फसलं, मित्रांनो. भाजी घरात आली की त्या दोघांना ती खाल्ल्यासारखंच वाटायचं.

"आज दमलेय हो, उद्या नक्की करते," काकू म्हणायच्या.

"असू दे गं, आहे ना घरात! कुठे पळून जातेय?" काका म्हणायचे. आपणच उठून एखादी काकडी चिरावी, हे त्यांच्या मनातही येत नसे.

पुढच्या रविवारी सडलेलं सगळं पिशवीत भरून कचऱ्यात जायचं आणि माझ्यात नवं, ताजं भरलं जायचं. दारापलीकडून पुडे फोडल्याचा आवाज ऐकू आला की माझा जीव नुसता तळमळायचा.

ताईचा व्हिडिओ कॉल आला की ती हमखास विचारायची, "बाबा, भाज्या खाताय ना? खरं सांगा."

काका लगेच फ्रिज उघडून फोन माझ्यावर धरायचे. "हे बघ! पालक, गाजर, बीट, सगळं आहे. तुझ्या आईने अख्खा मळा उचलून आणलाय."

"शाब्बास बाबा!" ताईचा चेहरा खुलायचा. काका खोटारडे नव्हते हो. आपलं पथ्य नीट चाललंय, असं त्यांना खरंच वाटायचं. मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं.

एका दुपारी चालू मशीन मध्येच थांबलं. खुर्ची पडली. शेजारी धावत आले. काका दवाखान्यात गेले ते परत आलेच नाहीत.

पाहुणेमंडळी पांगल्यावर आईला दोन घास भरवावेत म्हणून ताईने मला ओढलं. पालकाचा काळा चिखल झाला होता. गाजरं लिबलिबीत पडली होती. ताई तिथेच खाली बसली.

"आई, हे तर बाबांनी मला फोनवर दाखवलं होतं."

काकू तिच्याशेजारी येऊन टेकल्या. "त्यांच्यासाठीच आणायचे गं. एकेक निवडून आणायचे," त्या कशाबशा म्हणाल्या आणि त्यांना रडू आवरेना.

"तुझ्या एकटीचं काम होतं का ते?" ताईने त्यांना जवळ घेतलं. "मीही नुसतं बघूनच खूश व्हायचे ना."

त्या दोघींचं रडणं ऐकून माझं काळीज तुटलं. प्लास्टिकला कसलं काळीज, असं तुम्ही म्हणाल. पण तुटलं खरं.

मित्रांनो, भाज्यांनी काका नक्की वाचले असते, असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. तेवढं शहाणपण कप्प्याला कुठून असणार? पण ते आणखी काही वर्षं आपल्यात राहिले असते, असं सारखं वाटतं.

तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद असेल. आज त्याच्यापुढे वाका. दमलेल्या आईची वाट बघू नका. गाजर धुवायला, मटार सोलायला तुमचे हात पुरेसे आहेत. कप्पा भरलेला पाहून समाधान मानू नका, तो रिकामा करा. त्या दिवशी माझ्यात काकांच्या वाट्याचं सगळं शिल्लक होतं, फक्त ते खायला काका नव्हते.