हिरवे नट

आमच्या साईनाथदादाला खुर्ची फार आवडते. रविवारी सकाळी मी जीपखाली शिरले, तर यानं पडवीतली लाल प्लास्टिकची खुर्ची उचलली, अंगणात बरोबर जीपसमोर मांडली आणि चहाचा कप घेऊन बसला. तमाशा बघायला बसतात तसा.

"चालू दे तुझं," म्हणाला. "मला काय घाई नाय."

मला होती. आदल्या दिवशी चार माणसांसमोर तो बोलून बसला होता, "उद्या दिवेलागणीच्या आत जीप आपल्या चाकांवर फाटकाबाहेर गेली, तर जीप दामिनीची. नाय गेली, तर सोमवारी भंगारवाला येतोय. मी बोलावून ठेवलाय त्याला." माणसं हसली. त्यांना वाटलं गंमत चाललीय. मी दादाच्या तोंडाकडे बघत होते, तिथं गंमत नव्हती.

जीप आमच्या बाबांची. धाऊ जीपवाला म्हटलं की टोकावड्यापासून मुरबाडपर्यंत कोणीही हात करायचं. बाबा गेले आणि जीप जांभळाखाली उभी राहिली ती राहिलीच. पुढची दोन्ही चाकं गंजून धरली, जागची हलेना. त्यात मी सापगावचं सासर सोडून माहेरी आले. रांधायला हात चालतो माझा, म्हणून मुरबाडच्या कारखान्यातल्या माणसांना डबे द्यायचं ठरवलं. पण एसटीच्या भरवशावर डबे न्यायचे म्हणजे वरण वाटेतच आंबायचं. जीप मिळाली तर माझं पोट माझ्या हातात. नाय मिळाली तर दादाच्या ताटातलं खायचं आणि वर त्याचं ऐकून घ्यायचं, जन्मभर. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर भंगारवाला.

आणि गंज कोणाचा? पावसाचा? अजिबात नाय. गंज दादाचा. पावसाळ्याआधी घरोघरी आगोटीची सुकी मासळी भरतात, तेव्हा हा शहाणा बाबांची जीप घेऊन बंदरावरून सुके बोंबील नि खारं, म्हणजे मिठातली मासळी, आणायचा. खाऱ्याचं पाणी टपटप खाली गळायचं, आणि यानं परत आल्यावर कधी बादलीभर पाणी मारलं असेल तर शपथ. बाबा ओरडायचे, हा हसायचा. अजून ऊन तापलं की जीपला खाऱ्याचा वास सुटतो आणि गावभरची मांजरं खाली येऊन बसतात. लोखंड मिठानं खाल्लं, आणि भंगार म्हणून बोट दाखवायला हाच पुढे!

उजवं चाक मी दुपारच्या आत खोललं. नटांवर रात्रीच डिझेल ओतून ठेवलं होतं. पान्याला नळाच्या पाइपाचा तुकडा लावला, पाय रोवले आणि ओढलं. कर्र करून नट सुटला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं ओरडले. दादानं कपात बघितलं. ड्रम हातोडीनं ठोकून ठोकून मोकळा केला, आतनं गंजाचा भुगा पडला, ओंजळ भरून. ब्रेकच्या तेलाचा पाइप नुसता धरला तर बिस्किटासारखा मोडून हातात आला. दादा तेव्हा दुसरा चहा आणायला आत गेला होता आणि आई सरपण घ्यायला निघाली होती. तिनं ते तुकडे उचलले, बघितले आणि जाता जाता उकिरड्यावर टाकले.

म्हणजे ब्रेक नाय. नसू दे. अंगणाला रस्त्याकडे उतार आहे आणि रस्त्यापलीकडे आमच्याच शेताचा मऊ मातीचा बांध आहे. जीप घरंगळत जाईल, बांधाला टेकेल, आणि थांबेल. ब्रेकचं नंतर बघू. फाटकाबाहेर जाणं महत्त्वाचं.

उजवं चाक परत चढवलं. मग डावं. बाबा दर दसऱ्याला जीप धुवून नटांना रंग लावायचे, उजव्या बाजूला लाल आणि डाव्या बाजूला हिरवा. मला वाटायचं, हौस. हार घालतात, लिंबू बांधतात, तसा रंग. मला कधी त्यांनी पान्याला हात लावू दिला असता तर कळलं असतं. पोरगी ना मी! पान्याला हात दादाचा, आणि माझा हात हळदीकुंकवाच्या ताटाला.

हिरवा नट काय हलेना. मी डिझेल ओतलं, हातोडी मारली, जुनेर पेटवून चटके दिले. ढिम्म.

"जोर लाव," दादा म्हणाला.

मी लावला.

"अगो, जोर म्हणजे जोर. धाऊची लेक ना तू? हा पाइप आखूड पडतो तुला." आणि चक्क उठला. मागच्या दारी जाऊन बोअरचा लांब पाइप घेऊन आला आणि माझ्या हातात दिला. "ह्यानं ओढ."

खोटं कशाला सांगू, माझा जीव क्षणभर पाघळला. काही झालं तरी भाऊ आहे, असं वाटलं. मी पाइप लावला, लोंबकळले, आणि कडाक्! नट सुटला नव्हता. बोल्ट मुळापासून तुटून नटासकट पान्यात आला होता.

"गंजलंय गो सगळं," दादा म्हणाला. "दुसरा बघ."

दुसराही तुटला. तिसऱ्याला मी देवाचं नाव घेतलं, तोही तुटला, आणि मी पाइपासकट पाठीवर आपटले. कोपर सोलवटलं. दादा पाय हलवत होता. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते कोपरासाठी नव्हतं. पाचातले तीन गेले, सूर्य डोंगराकडे निघाला, आणि समोर हा बसलाय, निवांत.

तेवढ्यात आई आली. डोक्यावरची मोळी खाली टाकली, माझ्या हातातला पाना बघितला, तुटके बोल्ट बघितले.

"काय करत्येस गो हे?" ती म्हणाली. "हिरवे उलटे फिरतात. डाव्या चाकाचे आटेच उलटे. तू सोडवत नायस, आवळत्येस. कोणी खोलायला घेतलं तर चुकू नये, म्हणून तर तुझा बाबा हिरवा रंग लावायचा."

मी दादाकडे बघितलं.

"ह्याला नाय का ठाऊक?" आई म्हणाली. "मिसरूड फुटायच्या आधीपासून चाकं हाच खोलायचा. साईनाथ, तू हितंच बसलायस ना सकाळधरनं? सांगितलं का नाय रे हिला?"

दादानं कप खाली ठेवला. "मला कोणी विचारलं?"

एवढंच. मला कोणी विचारलं! पाइप आणून दिला, जोर लाव म्हणाला, बाबांचं नाव घेतलं, आणि मला कोणी विचारलं. त्या घडीला माझ्या हातात तो पाइप होता आणि मी तो जमिनीवर ठेवला, हे त्याचं नशीब. पाना फिरवला आणि उरलेले दोन नट उलट्या बाजूनं ओढले. कुरकुरले आणि सुटले.

ड्रम मोकळा केला, चाक परत चढवलं, दोन नटांवर आवळलं. दोन नटांवर मुरबाडला जाता येत नाय, पण फाटकाबाहेर येतं. ऊन कौलांवरनं उतरत होतं. मी चाक हातानं ढकलून बघितलं, फिरलं. आता दादाचे पाय हलायचे थांबले.

तो उठला. पडवीत त्याची मोटरसायकल होती, काळी, नवी कोरी. स्वतःच्या टॉवेलानं पुसायचा तिला, आईला कधी पाण्याचा तांब्या दिला नसेल त्यानं. ती ढकलत नेली आणि फाटकात आडवी लावली. मग बाजूला भिंतीला टेकून हाताची घडी घातली.

"ये बघू," म्हणाला. "फाटकापर्यंत ये, थांब, खाली उतर, माझ्यासमोर हात जोड. मग विचार करतो."

थांब म्हणाला.

मी जीपमध्ये चढले. पुढच्या चाकाला लावलेला दगड आई काढणार होती. ती दगडाजवळ वाकली आणि वाकल्या वाकल्या तिनं मोटरसायकलीकडे बघितलं, मग उकिरड्याकडे, जिथं पाइपाचे तुकडे तिनंच टाकले होते, आणि मग माझ्याकडे. सगळं कळलं होतं तिला.

"काढू?" ती म्हणाली.

"काढ."

"साईनाथ," आई ओरडली, "भिंतीलाच राहा रे. हलू नको." आणि दगड ओढला.

जीप आधी हललीच नाय. मग कण्हली आणि निघाली. सुरुवातीला आईच्या चालीनं, मग बैलाच्या, मग कोणाच्याच नाय. मी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं आणि फाटकाच्या मधोमध नेम धरला होता.

"बस!" दादा म्हणाला. मग, "बस, बस!" मग घसा फाडून, "ब्रेक मार गो! ब्रेक!"

मी पाय पूर्ण दाबला. त्याला दिसावा म्हणून मुद्दाम दाबला. पेडल खाली पत्र्याला जाऊन लागलं आणि तिथंच राहिलं.

मोटरसायकल आधी आडवी झाली, मग जीप तिच्यावर चढली. पत्र्याचा, काचेचा आणि दादाचा आवाज एकदमच आला. जीप एका बाजूला उचलली, धाडकन खाली बसली, रस्ता ओलांडून गेली आणि बांधाच्या मातीत नाक खुपसून थांबली. दोन्ही हिरव्या नटांनी दम धरला होता. पश्चिमेला अजून उजेड होता.

दादा धावत आला. तोंड पांढरंफटक. "ब्रेक नायत? ब्रेक नायत हे सांगितलं का नाय मला?"

मी खाली उतरले. कोपर ठणकत होतं. "मला कोणी विचारलं?" म्हटलं.

त्यानं हात उगारला. आई मध्ये आली नाय, फाटकातच उभी राहिली आणि तिथूनच म्हणाली, "जीप बाहेर हाय, साईनाथ. आणि चार माणसं बघतायत." खरंच बघत होती, कालचीच. आज कोणी हसत नव्हतं. त्यानं हात खाली घेतला.

सोमवारी भंगारवाला टेम्पो घेऊन आला. मी बांधाशी जीपखालीच होते, तुटलेले बोल्ट ठोकून काढत होते. त्यानं जीपकडे बघून विचारलं, "हीच ना?"

"ती नाय," आई म्हणाली आणि भिंतीला टेकवलेल्या मोटरसायकलीकडे बोट केलं. "ती."

दादा लाल खुर्चीत बसला होता. त्याला कोणी काय विचारलं नाय.