नदीकाठासाठी उणे पंधरा

नदीकाठी तंबू टाकून दोन दिवस राहणार, असं बाबांनी घरी सांगितलं होतं. दुकानात मात्र त्यांनी हलकी स्लीपिंग बॅग बाजूला सारली आणि उणे पंधरा अंशांची मागितली.

"बाबा, नदी गोठलीय का?"

"वय झालं गं. थंडी सोसत नाही."

वय झालं म्हणे! हेच गृहस्थ भर थंडीत पंखा लावून झोपतात. गेल्या वर्षी बर्फाने त्यांच्या पायाची दोन बोटं नेली, तेव्हा पुन्हा शिखराचं नाव काढणार नाही म्हणून आईसमोर शपथ घेतली होती.

"ताई, पातळ देऊ की जाड?" दुकानदाराने विचारलं.

बाबा छताकडे बघत होते. पातळ घेतली तरी हा माणूस वर जाणारच.

"जाडच द्या," मी म्हणाले. "आणि बाबा, आईला तुम्हीच सांगायचं."