टर्बो की मी?

मी सुपरचार्जर बोलतोय. नाव भारदस्त आहे, पण बॉनेट उघडल्यावर बहुतेक लोक मला एसीचा कॉम्प्रेसर समजतात. इंजिनाच्या कुशीत, पट्ट्याशेजारी बसलेला ॲल्युमिनियमचा मळकट डबा दिसला, तर तो मी. माझ्या पोटात दोन पिळदार पाती आहेत. ती एकमेकांत गुंतून गरागरा फिरतात, पण एकमेकांना शिवत नाहीत. ज्या दिवशी शिवतील, त्या दिवशी मी संपलो.

माझं काम सोपं आहे. बाहेरची हवा ओढायची आणि दाबून इंजिनात भरायची. इंजिनाला दम जास्त मिळाला की गाडी चपळ पळते. पळताना मी एक बारीक, चढत जाणारा सूर काढतो. काहींना तो मांजरीच्या पिल्लासारखा वाटतो, काहींना गिरणीच्या भोंग्यासारखा.

मी परदेशात ओतला गेलो आणि एका रुपेरी गाडीत बसून जहाजाने मुंबईला आलो. गाडी घेतली लोअर परळच्या एका जाहिरात कंपनीच्या साहेबांनी. बंद गिरणीच्या आवारात त्यांचं काचेचं ऑफिस होतं. साहेब मागे बसून फोनवर बोलत. गाडी चालवायचे नाना.

नाना म्हणजे जवळच्याच चाळीत राहणारे, पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा घालणारे, कधीही हॉर्न न वाजवणारे गृहस्थ. मुंबईत हॉर्न न वाजवता गाडी चालवणं हे काय आहे, ते मुंबईकरालाच कळेल. त्यांचा माझ्या आवाजावर फार विश्वास. काट्याकडे क्वचितच बघायचे. माझा सूर एका ठरावीक उंचीवर पोचला की त्यांचा हात आपोआप गिअरवर जायचा.

काही वर्षांनी साहेबांनी नवी गाडी घेतली. जुन्या गाडीची किल्ली नानांच्या हातात ठेवून म्हणाले, "नाना, ही तुम्हीच न्या. दुसऱ्या कोणाकडे बघवणार नाही मला."

अशी आमची गाडी चाळीत आली आणि सगळ्या चाळीची झाली. कोणाचं लग्न असलं की नवरी आमच्याच गाडीतून. बॉनेटवर झेंडूच्या माळा इतक्या, की दोन दोन दिवस माझ्या हवेच्या वाटेत पाकळ्या अडकलेल्या असत. येणारा-जाणारा "जय भीम, नाना" म्हणता म्हणता गाडीच्या टपावर थाप मारून जायचा. साहेबांच्या काळात एवढी माया मला मिळाली नव्हती. पुढे गाडीचं वय झालं, तेव्हा नानांनी तिचं पुन्हा पासिंगही करून आणलं.

नानांनी आपल्या मुलीला, वैशालीला, गाडी शिकवली ती रविवारी सकाळी बॅलार्ड इस्टेटच्या रिकाम्या रस्त्यांवर. "काट्याकडे बघू नकोस. ह्याचं ऐक," असं ते म्हणत. ती मुलगी पुढे जहाजांची इंजिनं दुरुस्त करणारी इंजिनिअर झाली. रोज माझगावच्या गोदीत जाते. आता ती नवऱ्याबरोबर, उन्मेषबरोबर, गिरगावात राहते. पण गाडी चाळीखालीच असते आणि वैशालीही दर रविवारी तिथेच असते.

मग नानांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. नजर कडेकडेने मिटत गेली. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. एके दिवशी परळच्या पुलावर बाजूने हातगाडी आली, ती त्यांना दिसलीच नाही. हातगाडीवाला ओरडला, नानांनी करकचून ब्रेक दाबला. धक्का लागला नाही. फक्त दोन फणस घरंगळले. नाना खाली उतरले, चाचपडत फणस उचलून दिले, हात जोडले. घरी येऊन किल्ली वैशालीच्या तळहातावर ठेवली. पुन्हा कधी मागितली नाही.

तेव्हापासून ते शेजारच्या सीटवर बसतात. नजर आता जवळजवळ गेलेली, पण पाय चालूच. वैशालीने क्लच दाबला की नानांचा डावा पाय सरकायचा. डावा हात मांडीवरच गिअर टाकायचा. रविवारची ती फेरी सोडली तर ते घराबाहेर पडेनासे झाले. काठी आणून दिली होती, ती दारामागे उभी.

आणि अशातच मी बिघडलो.

खरं सांगायचं तर माझी हयगय झाली होती. माझ्या पुढच्या भागात दोन दातेरी चाकं असतात. त्यांच्यासाठी पाव पेला तेल लागतं. इंजिनाचं तेल सगळे बदलतात. माझं तेल, साहेबांच्या काळापासून, एकाही माणसाने बदललं नव्हतं. तक्रार करायची माझी पद्धत एकच, आवाज. फ्रीवेवर मी डब्यात खिळे हलवल्यासारखा वाजायला लागलो.

"वैशू, बाजूला घे," नाना लगेच म्हणाले. "हा रडतोय."

गाडी लवूच्या गॅरेजमध्ये गेली. लवू मूळचा मालवणकडचा. त्याचं गॅरेज लालबागला, मसाल्याच्या गल्लीच्या मागे. दिवसभर तिथे मिरची कुटतात, त्यामुळे लवूकडे येणारं गिऱ्हाईक आधी शिंकतं आणि मग बोलतं. लवूने मला इंजिनापासून सोडवलं, बाकावर ठेवलं, पुढचं झाकण काढलं आणि नाक मुरडलं.

"ताई, ह्या तेल आसा की डांबर?"

वैशाली वाकून बघत होती. शेजारी उन्मेष. बँकेच्या संगणकांचं काम करणारा, आणि रात्रंदिवस गाड्यांचे व्हिडिओ बघणारा.

"बेरिंगा ढिली झाली," लवू म्हणाला. "मधलो जोड पार चेचलोहा. पाती अजून घासली नाहीत, ह्या नशीब."

"म्हणजे होईल ना दुरुस्त?" वैशालीने विचारलं.

"होतला. पण सुटे भाग मिळूक व्हये."

"थांबा, थांबा," उन्मेष पुढे झाला. "एवढं करण्यापेक्षा टर्बोच बसवू या ना. सुपरचार्जर आता कोण ठेवतं? हा इंजिनाच्याच ताटातला घास खाऊन इंजिनाला भरवतो. टर्बो बघ, सायलेन्सरवाटे फुकट जाणाऱ्या धुरावर फिरतो. ताकद जास्त, पेट्रोल कमी."

मला वाईट वाटलं, पण त्याचं एक अक्षरही खोटं नव्हतं. मी पट्ट्यावर चालतो, आणि तो पट्टा इंजिनच फिरवतं.

"टर्बो वाईट नाहीच रे," वैशाली म्हणाली. "जहाजांना टर्बोच असतो, माझं पोट त्याच्यावर चालतं. पण जहाज एका वेगाने तासन् तास चालतं. इथे दर शंभर पावलांवर सिग्नल. पाय दाबला की टर्बोला दम धरायला क्षणभर लागतो. शिवाय नवे पाइप, तेलाची नवी वाट, सगळं सेटिंग नव्याने, आणि वर आरटीओची परवानगी."

"ते मी बघतो. तू फक्त हो म्हण."

तिने घरी फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. नाना पलीकडून ठणठणीत आवाजात म्हणाले, "टर्बोच टाका! मला काय, मी कशातही बसेन."

उन्मेष हसला. वैशाली हसली नाही. कारण फोन तिच्या आईने, मीराबाईंनी, काढून घेतला होता आणि त्या हळूच बोलत होत्या, तरी स्पीकरवर सगळ्यांना ऐकू जात होतं. "अगं, गाडी गेल्यापासून हे जिना उतरले नाहीत. खिडकीशीसुद्धा बसत नाहीत. काय ते लवकर करा बाई."

ठरलं असं, की नानांना आधी टर्बोच्या गाडीतून फिरवून आणायचं. उन्मेषचा मित्र राकेश, त्याच्याकडे तशी गाडी होती. रविवारी उन्मेषने ती मागून आणली आणि दोघा बापलेकींना घेऊन गेला. मी आपला बाकावर, उघड्या तोंडाने, मिरचीचा वास घेत पडून. टर्बोबद्दल माझं वैर नाही. पण त्या दिवशी मी एक मोठा खड्डा मनातल्या मनात त्यांच्या वाटेत ठेवला, हे नाकारत नाही.

दुपारी तिघं परत आले. नाना वैशालीच्या खांद्यावर हात ठेवून आत आले. लवूने त्यांना बसायला एक पालथं खोकं दिलं.

"कशी वाटली गाडी, नानानू?"

"छान आहे," नाना म्हणाले. "एकदम छान."

"नाही," उन्मेष म्हणाला. "लवू, हाच दुरुस्त कर."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"मी चालवत होतो. नानांचा हात बघितला मी. दारावरचं हँडल त्यांनी सोडलंच नाही. आणि पाय नुसते जमिनीवर ठेवले होते. एकदाही हलले नाहीत."

नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्याचा त्यांना काही उपयोग नव्हता, पण सवय.

"आवाजच नाही रे त्या गाडीला," ते शेवटी म्हणाले. "ह्याच्या आवाजात मला रस्ता कळतो. पूल चढतोय की उतरतोय, पुढे मोकळं आहे की नाही. वैशू घाबरली असेल तर तेसुद्धा कळतं. तिथे आधी काहीच कळेना, आणि मग एकदम कोणीतरी पाठीत ढकलल्यासारखं झालं."

"मग फोनवर टर्बोच टाका असं का म्हणालात?" वैशालीचा आवाज चढला.

"तुला हवा होता ना? म्हटलं, एका आंधळ्यासाठी पोरगी जुनं लोढणं किती दिवस सांभाळणार."

"मला? मला कुठे हवा होता? मी तर तुमच्यासाठी..."

"मला हवा होता," उन्मेष म्हणाला. "आता नको. संपला विषय. चहा सांगू का?"

त्या क्षणी मला कोणी हात लावला असता तर मी थंडच लागलो असतो, धातू आहे मी. पण आतून काय वाटलं ते माझं मला ठाऊक.

दुरुस्ती झटपट झाली नाही. जोड मागवला, तर पार्सलमधून एसीच्या कॉम्प्रेसरचा भाग आला. वैशालीने कपाळावर हात मारला. दुसरा येईपर्यंत बेरिंगा आणल्या. लवू हातोडी घेऊन बसवायला निघाला, तर ती किंचाळलीच. "ठोकायचं नाही! दाबून बसवायचं!" मग दोघं मला टॅक्सीत घालून एका मशीन शॉपमध्ये घेऊन गेले. तिथेही पहिली बेरिंग तिरकी बसली, आणि या वेळी दाब वैशालीचाच होता. लवू गाल फुगवून छताकडे बघत राहिला. मग तीही हसली आणि नवी बेरिंग आणायला गेली.

या सगळ्यात नाना काय करत होते? पहिल्या दिवशी नुसते बसले होते. लवूच्या टेबलावर माझे सुटे भाग पडलेले. तो सहज म्हणाला, "नानानू, हात रिकामो आसा तर वायच धुवून देशात?" आणि घासलेटाचा डबा आणि ब्रश त्यांच्यापुढे सरकवला.

इतकी वर्षं नानांनी माझा आवाज ऐकला होता, पण मला हात लावला नव्हता. साहेबांच्या गाडीचं बॉनेट ड्रायव्हरने उघडायचं नाही, सर्व्हिसवाले बघतील, असा नियम होता. पुढे स्वतःची झाली तरी सवय तीच राहिली. आज त्यांनी माझं एक पातं दोन्ही हातांत घेतलं. अंगठा त्याच्या पिळावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला.

"एवढासाच आहेस होय तू?" ते म्हणाले, आणि खुदकन हसले.

धुताना एक छोटा स्क्रू त्यांच्या हातून गटारात गेला. पुसताना नव्या फडक्याऐवजी त्यांनी लवूचा टॉवेल घेतला. लवूने कपाळाला आठ्या घातल्या, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला. "येतास मा?"

आता त्यांना आणायला वैशाली रोज कुठली असणार? पहिले दोन दिवस मीराबाई सोबत आल्या. मग त्या म्हणाल्या, मला घरची कामं आहेत. दारामागची काठी बाहेर निघाली. बसचा कंडक्टर लालबागला हाक मारून उतरवायचा, मसाल्याच्या वासावर गल्ली सापडायची. पहिल्यांदा एकटे आले तेव्हा नाना घामाघूम झाले होते आणि चुकून शेजारच्या पापडाच्या दुकानात शिरले होते. तिथून तोंडात पापड घेऊनच आले.

माझी जुळणी झाली. नवं, सोनेरी तेल पोटात पडलं. पट्टा चढला. वैशालीने गाडी सुरू केली आणि हळूहळू पाय दाबला. मी सूर लावला. खिळ्यांचा आवाज नाही, खरखर नाही. नाना बॉनेटवर तळवा टेकवून उभे होते. त्यांच्या ओठांची हालचाल मला दिसली, शब्द माझ्याच आवाजात बुडाले.

तर असा मी आज आहे. धडधाकट म्हणता येईल, पण नवा नाही. माझ्या पात्यांवरचा लेप विरळ झालाय, आणि एक दिवस ती एकमेकांना शिवणारच. तेव्हा खुशाल टर्बो बसवा. माझी काही हरकत नाही. मागणं एवढंच, की त्याचं तेल तरी वेळेवर बदला. बिचारा माझ्याहून जास्त तापतो.

गेल्या रविवारी वैशाली आणि उन्मेष गाडी काढायला आले. खालूनच हाक मारली, "नाना, चला, चौपाटीला जाऊ!"

नाना जिना उतरत होतेच, काठी टेकत. अंगात इस्त्रीचा शर्ट नव्हता, डाग पडलेला बनियन आणि जुनी पँट.

"तुम्ही जा," ते म्हणाले. "लवूकडे एका बुलेटचा कार्ब्युरेटर आलाय, तो धुवायचाय. आणि दुपारी फोन घ्यायला कोणी नाही तिथे."

"आम्ही सोडतो ना!"

"नको. माझी बस आहे."

आणि ते निघून गेले. गाडी कुठे उभी आहे ते त्यांना नीट ठाऊक होतं. जाता जाता टपावर एक थाप मारली, थांबले नाहीत.

शेजारची सीट रिकामी राहिली, म्हणून मीराबाई दार उघडून पुढे बसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. साडी सारखी केली, पर्स मांडीवर घेतली. वैशालीने गाडी गेटाबाहेर काढली, रस्ता मोकळा होता, तिने पाय दाबला आणि मी मनापासून सूर चढवला.

"काय गं," मीराबाई म्हणाल्या, "एवढा आवाज करते ही गाडी? दुरुस्त करून घ्या की एकदा."