इथे हात लावू नये

मी पार्सर बोलतोय. जरा घाईत बोलतोय, सांभाळून घ्या. माणसाचा प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर, त्याच्या दारातच माझी नेमणूक आहे. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम आधी माझ्या हाती येतो. त्यातलं कुठलं वाक्य कुठे संपतं, कुठला कंस कुणाचा, हे मी लावून देतो. पुढचा शब्द आधीच डोकावून पाहायची मला खोड आहे, त्यामुळे जिवाला स्वस्थता म्हणून नाही.

ऑफिसातल्या जुन्या प्रोग्रॅमर ताईंनी मला अकरा वर्षांपूर्वी एकेक ओळ हाताने लिहून घडवलं. एकदा कुणीतरी माझ्यात नको ती ढवळाढवळ केली, तेव्हा चिडून त्यांनी माझ्या माथ्यावर लिहिलं, 'इथे हात लावू नये.' तेव्हापासून माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. मला केवढा मान वाटला होता त्याचा!

मग ऑफिसात एक नवा, दाढीवाला प्रोग्रॅमर आला. त्याने प्रोग्रॅमच्या भाषेचे नियम पार्सर बनवणाऱ्या एका साधनाला दिले आणि दुपारभरात त्यातून आयता पार्सर काढला.

"ताई, शर्यत लावू. हरेल तो काढून टाकायचा."

"लाव," ताई म्हणाल्या.

फाइलींचा ढीग होता. मी जीव तोडून धावलो. मला एकोणीस सेकंद लागले, त्याला बारा. दाढीवाल्याचं बोट मला पुसायला सरसावलं आणि माझी पाचावर धारण बसली.

"थांब. आधी कुणाला पळवलंस?" ताईंनी विचारलं.

"तुमच्याला."

"म्हणजे डिस्कवरून फाइली यानेच ओढून आणल्या. तुझ्याला त्या मेमरीत आयत्या मिळाल्या. आता पुन्हा पळव दोघांना."

या खेपेला तो बारा, मी नऊ!

दाढीवाला मान खाजवत म्हणाला, "वेग मान्य. पण पुढच्या महिन्यात तुम्ही निवृत्त होणार. मग हा अडला तर हात कोण लावणार? वर तुम्हीच लिहून ठेवलंय."

जिंकूनही मला धड आनंद होईना. मग ताईंनी माझ्या माथ्यावरची ती ओळ स्वतःच पुसली.

"खुर्ची ओढ. पहिल्यापासून वाच. अडलं की विचार, लाजू नकोस."

आज आठवा दिवस. दाढीवाला सहाशेव्या ओळीवर पोचलाय, आणि माझ्या ओळी आहेत चार हजार. तो जांभई देतो तेव्हा मी उरलेल्या ओळी पुन्हा मोजतो. दादा, वेगाचा तोरा मी केव्हाच सोडला. फक्त कंटाळू नकोस. ताई जायच्या आत मला वाचून संपव.