शेवटची भेट अडवणारा जाळीचा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना जाळीचा दरवाजा आहे. नागपुरातल्या एका इस्पितळाच्या मागच्या आवारात भिंतीला टेकून उभा असतो. जाळी गंजली, एक बिजागरी निखळली, पण हट्टी स्वभाव काही गेला नाही.

चांद्याच्या सागवानातून धोंडबा सुताराने मला घडवले. मला बसवले ते माश्या अडवायला. पुढे माणसे अडवावी लागतील असे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते.

१९७२च्या सुमारास माझ्यामागे रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी दोन खाटांची खोली झाली. डॉक्टर शामलाबाई प्रत्येक रुग्णाच्या घरच्यांना समजावत, "औषध रोगी पेशींना मारते, तसे चांगल्या पेशींनाही मारते. पहिले काही आठवडे अंगात लढायचे बळच नसते. तुमची साधी सर्दी यांचा जीव घेईल. आणि जितके वय जास्त, तितका धोका जास्त."

लोकांचे मात्र उलटेच. आत तरुण पोरगा असला की सारे दबकून बाहेर थांबत. म्हातारा असला की, "पिकलं पान आहे, भेटून घेऊ द्या शेवटचं," म्हणत अख्खे घरदार आत शिरे. बाबाराव नावाच्या आजोबांच्या वेळी मला सताड उघडे ठेवले होते. चपलांचा ढीग पडला होता माझ्यासमोर. आठवड्याच्या आत ते गेले. मला फार वाईट वाटले. कुसुमताई सिस्टरनाही वाटले असावे, कारण त्यांनी लगेच मला भक्कम कडी बसवून घेतली.

मग नरखेडकडचे रामाजी आले. साठी ओलांडलेले, जन्मभर संत्र्याच्या बागेत राबलेले. शेजारच्या खाटेवर केशव, कॉलेजात शिकणारा. दोघांनाही औषधे सुरू झाली. केशव हळूहळू सावरू लागला. रामाजींना मात्र ताप भरला, हिरड्यांतून रक्त येऊ लागले.

गावात बातमी पोचली तशी माणसे एसटीने निघाली. सगळ्यांत पुढे धाकटा भाऊ लहानू, हातात संत्र्यांची पिशवी. त्याने थेट माझ्या कडीला हात घातला. कुसुमताई आडव्या आल्या.

"सख्ख्या भावाले भेटू नाही देत? वहिनी, तू तं सांग वं याईले," तो म्हणाला.

रामाजींच्या पत्नी पार्वतीबाई माझ्यापासून जरा दूर, व्हरांड्यात बसल्या होत्या. तोंडाला पदर लावूनच त्या उठल्या आणि मला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"मले खोकला होऊन राहिला, म्हून मी बायको असून बाहीर बसली आहो. तुमी कायले आत जाता, भाऊजी? शेवटचं भेटाले आले असाल तं परत जा. त्याईले अजून जगू द्या."

लहानूचा हात खाली आला. राग काही गेला नाही. पिशवी तिथेच ठेवून तो पाठ फिरवून बसला. पण दुसऱ्या दिवशी रामाजींना रक्त लागेल असे कळले, तेव्हा ते द्यायला सगळ्यांच्या आधी तोच उठला.

ताप हटता हटेना. रोज कुणी ना कुणी येई. मी थापा खाल्ल्या, शिव्या खाल्ल्या, एकाची लाथही खाल्ली. जागचा हललो नाही.

शेवटी ताप उतरला. एका सकाळी रक्ताची तपासणी चांगली आली आणि शामलाबाईंनी स्वतः माझी कडी काढली. पार्वतीबाईंचा खोकला केव्हाच गेला होता. तरी त्यांनी कोपरापर्यंत साबणाने हात धुतले, मगच आत गेल्या.

"काहून रडून राहिली वं? मी आहो ना," रामाजी म्हणाले.

रोग पुन्हा उलटू शकतो, हे डॉक्टरांनी सांगितले होतेच. पण सगळ्यांत अवघड महिना त्यांनी पार केला होता. उघडताना मला एवढा आनंद कधी झाला नव्हता.

मित्रांनो, घरात असे आजारपण आले तर भेटीची घाई करू नका. हात धुवा, रक्त द्या. वय झाले म्हणून कुणाच्या निरोपाची तयारी करू नका. बंद दाराबाहेर बसून राहणे हीसुद्धा मायाच असते. मी ती जवळून पाहिली आहे.